काठावरची अक्षरे

२०११च्या जुलैत पानशेतच्या पुराला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने पुण्यातल्या एका लहानशा सभागृहात मी पुराची छायाचित्रे पडद्यावर दाखवली आणि तासभर बोललो. एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतल्या निगेटिव्ह्जवरून ती करून घेतली होती. (घरच्यांच्या इच्छेवरून स्टुडिओचे आणि छायाचित्रकाराचे नाव येथे देत नाही.) लकडी पुलावरचा गाळ, पेठांतल्या खचलेल्या भिंती, रस्त्यावर वाळत घातलेल्या गाद्या आणि जमाखर्चाच्या वह्या, असा क्रम लावला होता. शेवटी निवाऱ्याची चित्रे होती. उभे कापून आडवे ठेवलेल्या पिंपासारख्या पत्र्याच्या निसेन हट, त्यांतल्या एकीसमोर एक तरुण बाई, तिच्या कडेवर मूल आणि पायाशी रिकामी बादली. या चित्राखाली मी लिहिले होते, ‘पूर ओसरल्यावर पूरग्रस्तांसाठी तातडीने उभारलेला निवारा, जुलै १९६१’. त्याच मजकुरासह ते एका स्मरणिकेतही छापून आले होते.

कार्यक्रम संपल्यावर सत्तरीच्या आसपासच्या एक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, “दादा, ती बादलीवाली मीच. पण कडेवरचा पोरगा त्रेसष्टचा आहे. पुरात तो कुठला असायला?”

मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. घरी जाताना मनाशी म्हटले, पन्नास वर्षांनी सालाचा घोळ व्हायचाच. चेहराही काही फार स्पष्ट नाही, दुसरीच कोणी असेल. आणि माझ्याकडे पुरावा होता. ज्या पाकिटातून या निगेटिव्ह्ज निघाल्या त्याच्यावर छायाचित्रकाराच्या हातचा, पेन्सिलने लिहिलेला एकच शब्द होता : पानशेत. माणूस विसरतो, कागद विसरत नाही, ही आम्हा हौशी संशोधकांची आवडती समजूत. ती मी त्या दिवशी त्या बाईंवर चालवली.

ती चित्रे कशी तयार झाली होती ते सांगणे भाग आहे. २०१०मध्ये पाकिटातल्या सगळ्या पट्ट्या मी एका लॅबमध्ये दिल्या आणि म्हटले, “स्वच्छ करून द्या, व्याख्यानात दाखवायच्या आहेत.” चार दिवसांनी सीडी मिळाली. तिच्यात एकेचाळीस जेपेग फाइली, एक ते एकेचाळीस असे क्रमांक दिलेल्या. प्रत्येक चित्र चौकोनी, चारी बाजूंनी नेमके कापलेले, ठिपके आणि ओरखडे पुसलेले. लॅबचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मी जे मागितले तेच त्यांनी दिले. पट्ट्या पाकिटात गेल्या, पाकीट कपाटात गेले. एकेचाळिसांतली तीन चित्रे लग्नाच्या मांडवातली होती. ती ‘चुकून आलेली’ म्हणून मी बाजूला काढली आणि विसरून गेलो.

२०१५च्या पावसाळ्यात कपाट उघडले तेव्हा व्हिनेगरचा वास आला.

जुन्या फिल्मशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा वास काय सांगतो ते ठाऊक असते. फिल्मचा इतिहास हा बराचसा तिच्या पाठीचा, म्हणजे चित्राखालच्या पारदर्शक पट्टीचा इतिहास आहे. आधी काच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ईस्टमनने नायट्रोसेल्युलोजची लवचीक पट्टी बाजारात आणली. ही पट्टी दिसायला सुंदर पण स्वभावाने स्फोटक. एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळते. पुण्यात हे कोणाला वेगळे सांगायला नको. २००३च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यांत मूकपटांच्या आणि आरंभीच्या बोलपटांच्या काळातल्याही होत्या. नायट्रेटच्या जागी जी ॲसिटेटची पट्टी आली तिला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणत, आणि काठावर तसे छापतही. ती पेटत नाही हे खरे. पण उष्णतेने आणि दमटपणाने तिच्यातले ॲसेटिक आम्ल सुटू लागते, आणि सुटलेले आम्ल उरलेल्या पट्टीला आणखी वेगाने कुजवते. पुढे पट्टी आखडते, वरचा चित्राचा थर आखडत नाही, आणि त्याला सुरकुत्या पडतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने यासाठी निळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या आहेत. निगेटिव्हच्या डब्यात एक दिवस ठेवल्या की आम्लाच्या प्रमाणात त्या हिरव्या आणि मग पिवळ्या होत जातात. माझ्या पाकिटातली पट्टी हिरवी झाली. म्हणजे वेळ होता, पण फार नव्हता.

काय वाचवायचे ते ठरवण्यासाठी मी पट्ट्या मोजायला बसलो. खिडकीच्या काचेला आतून बटर पेपर लावला आणि एकेक पट्टी धरून पाहू लागलो. एकूण चौदा पट्ट्या. कॅमेरा १२० फिल्मचा, सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकोनी चित्रे, एका रोलवर बारा. तेव्हा पहिल्यांदा माझे लक्ष चित्रांबाहेर गेले. फिल्मच्या दोन्ही कडांना चित्राबाहेर दोन-तीन मिलिमीटरची कोरी पट्टी असते. तिच्यावर कारखान्यातच प्रकाशाने अक्षरे उमटवलेली असतात. ती फिल्मबरोबरच धुतली जातात आणि चित्राबरोबरच दिसू लागतात. दहा पट्ट्यांच्या काठावर ‘आग्फा’ होते. उरलेल्या चार पट्ट्यांच्या काठावर ‘ओर्वो’ होते. निसेन हट या चार पट्ट्यांवर होत्या.

या दोन नावांमागे एक लहानसा इतिहास आहे आणि माझे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. आग्फाचा फिल्मचा मोठा कारखाना जर्मनीत वोल्फेन या गावी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि वोल्फेन पूर्वेकडे गेले. पश्चिमेत लेव्हरकुसेनला आग्फाची कंपनी राहिली आणि तिथेही फिल्म बनू लागली. त्यामुळे पुढची जवळजवळ वीस वर्षे जगात दोन आग्फा होत्या, एक लोखंडी पडद्याच्या अलीकडची आणि एक पलीकडची. नावाचा हा तंटा १९६४मध्ये संपला. वोल्फेनच्या कारखान्याने आग्फा हे नाव सोडले आणि ‘ओरिगिनाल वोल्फेन’ या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून ओर्वो हे नवे नाव घेतले. भारताचा पूर्व जर्मनीशी व्यापार रुपयांत चालत असे. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात त्यामुळे ओर्वोची फिल्म आपल्याकडे भरपूर आली. ज्यांनी सत्तरच्या दशकात कॅमेरा हाताळला आहे त्यांना ओर्वो आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही दोन नावे आठवतीलच.

तेव्हा ज्या फिल्मच्या काठावर ओर्वो आहे ती १९६४च्या आधी बनलेली असू शकत नाही. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी.

येथे एक काळजी घेतली पाहिजे. काठ फक्त ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो. फिल्म वर्ष-दोन वर्षे कपाटात पडून मग वापरली जाणे आपल्याकडे नेहमीचे होते, मुदत संपलेली फिल्मही लोक आनंदाने वापरत. म्हणून दहा पट्ट्यांवर आग्फा आहे यावरून त्या १९६१च्या ठरत नाहीत. त्या ठरतात त्यांच्यातल्या चित्रांवरून, लकडी पुलाच्या कठड्यात अडकलेल्या झाडांवरून आणि ओल्या गाळावरून. ओर्वोच्या चार पट्ट्या मात्र १९६१च्या नाहीत, यात शंका उरत नाही. सभागृहातल्या त्या बाई बरोबर सांगत होत्या, आणि त्यांचे म्हणणे पडताळायला लागणारा पुरावा चार वर्षे माझ्याच कपाटात होता. सीडीवर तो नव्हता. लॅबच्या स्कॅनरमधल्या चौकटीने काठ झाकला होता, आणि जो थोडा दिसला असता तो सॉफ्टवेअरने कापला होता.

यानंतर मी स्कॅनर शोधू लागलो तो या अनुभवाच्या चष्म्यातून. शिकवायला कोणी नव्हते. कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारले की पहिले उत्तर आकड्यात येई : हा ४८००चा, हा ६४००चा, हा ७२००चा. एका इंचात यंत्र किती ठिपके मोजते तो हा आकडा. पण ठिपके मोजणे वेगळे आणि त्या ठिपक्यांत खरा तपशील असणे वेगळे. काचेवर बारीक होत जाणाऱ्या रेषा कोरलेली एक चाचणीपट्टी मिळते. ती स्कॅन करून कोणत्या रेषा अजून सुट्या दिसतात ते पाहिले की यंत्राची खरी नजर कळते. सपाट काचेचा स्कॅनर, मग तो ६४००चा म्हणून विकला जाणारा का असेना, या परीक्षेत साधारण २३००च्या आसपास थांबतो. हे ऐकून पहिल्यांदा फसवल्यासारखे वाटते. मग गणित करून पाहिले. सहा सेंटिमीटरच्या चौकटीतले चित्र प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरचे असते. २४०० ठिपक्यांनी ते घेतले तर प्रत्येक बाजूला सुमारे ५३०० ठिपके येतात. गाळात उभे राहून, हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत याहून बारीक तपशील फारसा नसतोच. ३५ मिलिमीटरच्या लहान निगेटिव्हची गोष्ट वेगळी. तिथे २४००ने जेमतेम पावणेआठ दशलक्ष ठिपके मिळतात आणि ते कमी पडतात. म्हणजे ‘किती डीपीआय’ या प्रश्नाला निगेटिव्हचा आकार सांगितल्याशिवाय उत्तर नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

सर्वांत नावाजलेली जात ड्रम स्कॅनरची. संगणकात चित्र उतरवण्याची सुरुवातही ड्रमवरच झाली. १९५७मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो फिरत्या दंडगोलावर लावून संगणकात घेतला. १७६ गुणिले १७६ ठिपके, बस. आज मोबाइलवरच्या ॲपच्या चिन्हाला याहून जास्त ठिपके लागतात. पुढे छपाईच्या धंद्यात ड्रमची भव्य यंत्रे आली, रंगीत मुखपृष्ठांच्या पारदर्शिका त्यांवर चढू लागल्या. दर्जाच्या बाबतीत अजून त्यांना तोड नाही. पण त्यासाठी फिल्म तेलासारख्या द्रवात भिजवून पारदर्शक नळकांड्यावर चिकटवावी लागते आणि नळकांडे मिनिटाला शेकडो फेऱ्या मारते. आखडू लागलेल्या फिल्मला हे सोसणार नाही. हा विचार मी दोन दिवसांत सोडला.

दुसरी जात फक्त फिल्मसाठी बनवलेल्या यंत्रांची. निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेतले १२० फिल्म घेणारे यंत्र एका परिचितांनी दोन दिवस घरी नेऊ दिले. उत्पादन केव्हाच थांबलेले, सुटे भाग दुर्मिळ, संगणकाला जोडायला फायरवायरची केबल. ती जोडता यावी म्हणून एक जुना संगणकही मागून आणावा लागला. पण चित्र काय आले! निसेन हटच्या पत्र्याचे खिळे मोजता येत होते. सौंदर्यस्पर्धा असती तर पहिला क्रमांक तिथेच देऊन टाकला असता. मात्र फिल्म सरळ राहावी म्हणून त्याची चौकट तिला दोन्ही कडांनी घट्ट पकडते. माझी अक्षरे अर्धी झाकली गेली. काचेची वेगळी चौकट मिळते, पण तिची किंमत ऐकून गप्प बसलो.

या वर्गातल्या यंत्रांचे खास आकर्षण म्हणजे धूळ आपोआप पुसणारी सोय. निकॉनमध्ये तिचे नाव डिजिटल आइस. युक्ती चतुर आहे. रंगीत फिल्ममधले रंगद्रव्य अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असते, धूळ आणि ओरखडा नसतो. तेव्हा अवरक्त प्रकाशात एक जादा प्रत घेतली की तिच्यात फक्त धूळ दिसते, आणि ती मूळ चित्रातून वजा करता येते. पण कृष्णधवल निगेटिव्हमधले चित्र रंगद्रव्याचे नसते, चांदीचे असते. चांदी अवरक्त प्रकाश अडवते. यंत्राला मग चित्रच धूळ वाटते, आणि ते चेहऱ्याच्या कडा, केसांच्या बटा इमानदारीने पुसू लागते. कोडाक्रोम स्लाइडच्या बाबतीतही थोडाफार हाच घोळ होतो. जुने कृष्णधवल काम करणाऱ्याने या सोयीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला सपाट काचेचा स्कॅनर. त्यातही एक मेख आहे, ती लक्षात आली नसती तर माझे पैसे वाया गेले असते. निगेटिव्हसाठी प्रकाश खालून नव्हे, झाकणातून, फिल्मच्या आरपार यावा लागतो. स्वस्त यंत्रांच्या झाकणातली ही प्रकाशाची खिडकी अरुंद असते. एप्सनच्या व्ही ६०० या लोकप्रिय यंत्रात ती जेमतेम ६८ मिलिमीटर रुंद आहे. १२० फिल्म तिच्यात बसते. पण स्टुडिओतल्या क्वार्टर प्लेट निगेटिव्ह्ज ८२ मिलिमीटर रुंद असतात, आणि त्या माझ्याकडे दोन डबे भरून होत्या. त्याच कंपनीच्या व्ही ८५० या मोठ्या यंत्रात आठ बाय दहा इंचांची सगळी खिडकी उजळते. शिवाय आत दोन भिंगे आहेत. एक चौकटीत उंचावर धरलेल्या फिल्मवर रोखलेले, दुसरे थेट काचेवर ठेवलेल्या फिल्मवर. या दुसऱ्याचा आकडा कमी, ४८००, म्हणून दुकानदार त्याच्याबद्दल बोलत नाही. मला नेमके तेच हवे होते. चौकट नको, काठ झाकणारे काही नको, पट्टी काचेवर आडवी ठेवायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी घ्यायची. किमतीत जुनी स्कूटर आली असती. घरात दोन आठवडे या विषयावर कोणी बोलले नाही. असो.

काचेवर फिल्म ठेवली की दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये इंद्रधनुषी वलये उमटतात, त्यांना न्यूटनची वलये म्हणतात. फिल्मची चकचकीत बाजू वर आणि चित्राची मंद बाजू काचेकडे ठेवली की ती बहुतेक जातात. मात्र चित्र आरशातल्यासारखे उलटे येते आणि नंतर संगणकावर सुलटावे लागते. सुलट झाले की नाही ते कसे ओळखायचे? दुकानाची पाटी चित्रात असेल तर ठीक. नसेल तर काठावरची अक्षरे. ती सरळ वाचता आली की चित्र सरळ. छापून आलेल्या जुन्या फोटोंत डावा हात उजवा झालेला मी अनेकदा पाहिला आहे. काठ कापला नसता तर तसे झाले नसते.

तीन चित्रांची एक पूर्ण पट्टी, काठांसकट, १६ बिटमध्ये २४०० ठिपक्यांनी घेतली की फाइल सुमारे २०० एमबीची होते. चौदा पट्ट्यांना तीन जीबीही लागत नाहीत. पट्टी सगळी घेण्याचा आणखी एक फायदा मी आधी धरला नव्हता. रोल धुतल्यावर छायाचित्रकार तो कात्रीने तीन-तीन चित्रांचे तुकडे करून कापतो. काप कधीच अगदी काटकोनात जात नाही. ओर्वोच्या चार पट्ट्यांची टोके पडद्यावर शेजारी आणून पाहिली, तर तिरके काप एकमेकांत बसले. सगळा रोल सलग जुळला. पहिली नऊ चित्रे निसेन हटची, शेवटची तीन लग्नाच्या मांडवातली. मी ‘चुकून आलेली’ म्हणून काढून टाकलेली तीच ती तीन. छायाचित्रकार वस्तीवर गेला, नऊ चित्रे काढली, आणि उरलेली फिल्म वाया जाऊ नये म्हणून पुढच्या लग्नात संपवली, असा सरळ अर्थ निघतो. कोणाचे लग्न ते कळायला मार्ग नाही. नवरीला माहीत नाही की ती पानशेतच्या पाकिटात पन्नास वर्षे बसून आहे.

क्वार्टर प्लेटचे दोन डबे हा वेगळा विषय आहे, पण स्कॅनरच्या संदर्भात त्यांनी एक गोष्ट शिकवली. स्टुडिओतल्या चेहऱ्यांवर रिटचिंग असे. निगेटिव्हवर खास वार्निश लावून त्यावर टोकदार पेन्सिलने अगदी बारीक रेघोट्या मारत. निगेटिव्हवर जिथे काळे वाढेल तिथे छापील फोटोत गोरे वाढते. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळे, आणि सांगायला बरे वाटत नाही, पण सावळा रंगसुद्धा, या पेन्सिलने घालवलेला असे. स्कॅनरच्या मऊ, पसरलेल्या प्रकाशात ही पेन्सिल चित्रात मिसळून जाते आणि आपल्याला फक्त गोरा चेहरा दिसतो. निगेटिव्ह टेबलावर ठेवून एका बाजूने तिरपा दिवा मारला आणि वरून कॅमेऱ्याने फोटो घेतला, की शिशाची चमक उठते आणि कारागिराने कुठे कुठे हात फिरवला त्याचा नकाशाच मिळतो. म्हणून प्लेट निगेटिव्हचे मी दोन उतारे ठेवतो, एक आरपार प्रकाशाचा, एक तिरप्या प्रकाशाचा. एक यंत्र सगळे करील ही आशा तेव्हाच सोडली.

स्लाइडबद्दल थोडक्यात. त्याच कपाटात रंगीत स्लाइडच्या दोन पेट्या होत्या, बहुतेक कोडाक्रोमच्या. स्लाइड निगेटिव्हपेक्षा स्कॅनरला जड जाते. निगेटिव्हमध्ये सर्वांत काळा भागही बराच प्रकाश जाऊ देतो, स्लाइडमधल्या गडद सावल्या हजारात एक भाग किंवा त्याहून कमी जाऊ देतात. स्वस्त यंत्राला त्या सावल्यांत नुसती काळी खरखर दिसते. अंधारात ठेवलेली कोडाक्रोम रंग फार टिकवते. मी पाहिलेल्या इतर फिल्मच्या स्लाइड तांबूस पडल्या आहेत, या अजून ताज्या आहेत. २०१०च्या अखेरीस ती धुण्याची प्रक्रियाच जगातून संपली, त्यामुळे आहे तेवढीच आता शिल्लक. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर होती. धुलाईचा महिना आणि साल तिथे शिक्क्याने उमटवलेले असते. स्लाइड स्कॅनरमध्ये घातली की पुठ्ठा बाहेर राहतो. म्हणून आधी पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू साध्या कागदासारख्या स्कॅन करायच्या आणि मगच चित्राकडे वळायचे, असा नियम केला आहे. या कामाचा कंटाळा येतो हे कबूल करतो.

आता जे निष्पन्न झाले ते. स्मरणिकेत छापलेला माझा मजकूर चुकीचा आहे. स्मरणिका एकदाच निघाली, दुरुस्ती छापायला तिचा पुढचा अंक नाही, म्हणून ती येथे करतो. ते चित्र जुलै १९६१चे नाही. ते १९६४च्या आधीचे नाही, आणि कडेवरचे मूल दीड-दोन वर्षांचे दिसते, त्यावरून १९६५च्या आसपासचे असावे. ‘तातडीने उभारलेला’ हे शब्द मी कोणत्याही पुराव्याशिवाय, चित्र पाहून सुचले म्हणून लिहिले होते. चित्रातल्या हट नव्या नाहीत. नव्या प्रतीत दाराच्या चौकटीवर रंगाने लिहिलेला क्रमांक दिसतो आणि तो पावसाने ओघळला आहे. पत्र्याच्या कडेला तुळशीची कुंडी आहे. दोन हटच्या मधल्या जागेत कोणीतरी विटांची न्हाणी बांधून घेतली आहे. जुन्या प्रतीत हा भाग ‘स्वच्छ’ झाला होता, क्रमांकाचे ठिपके धुळीबरोबर गेले होते.

पानशेतचा पूर आपण एका दिवसाचा करून टाकला आहे. सकाळी धरण फुटले, दुपारी पेठा बुडाल्या, रात्री पाणी ओसरले, असे आपण सांगतो, आणि मीही त्या सभागृहात तसेच सांगितले. मग दिवे गेले, नळ गेले, मदत आली, नव्या वसाहती झाल्या. हे नऊ फोटो त्यातल्या ‘झाल्या’ या शब्दाला अडवतात. धरण फुटल्यावर किमान तीन वर्षांनीही लोक त्या अर्धगोल पत्र्याखाली राहत होते, तुळस लावण्याइतके आणि न्हाणी बांधण्याइतके रुळून. पाकिटावरचा शब्द पाहता मला आधी वाटले, छायाचित्रकाराने दोन वेगळी कामे चुकून एकत्र ठेवली. आता तसे वाटत नाही. त्याच्या लेखी ते एकच काम होते. गाळ उपसतानाही पानशेत आणि चार वर्षांनी बादली घेऊन नळापाशी उभे राहतानाही पानशेत. चूक वर्गवारीत नव्हती, वाचणाऱ्यात होती.

त्या बाईंचा पत्ता शोधायला वेळ लागला. सभागृहातल्या एकांना त्या ओळखीच्या होत्या, त्यांच्यामार्फत निरोप गेला. पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या, ऐकू कमी येत होते. मी आधी क्षमा मागितली. त्यांना कशाबद्दल ते आठवेना, मग आठवले तेव्हा हसल्या. नवी प्रत मी मोठी करून नेली होती, पूर्ण पट्टीच्या रुंदीची, दोन्ही बाजूंच्या काळ्या काठांसकट. काठावरची अक्षरे बोटाने दाखवली आणि त्यावरून साल कसे ठरले ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. हटचा क्रमांक वाचून दाखवला, तर म्हणाल्या, “नंबर नाही बाई आठवत. नळ आठवतो. पहाटे चारला रांग लागायची. मी गरोदर होते ना, बायका मला पुढं सोडायच्या.” पोटात तेव्हा कोण होते, या कडेवरच्यापुढचे का, असे विचारले. “हाच,” त्या म्हणाल्या. म्हणजे त्रेसष्टमध्येही त्या तिथेच होत्या, फोटोच्या आधीपासून. हे कोणत्याही काठावर लिहिलेले नव्हते. मी वहीत टिपून घेतले.

फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग मुलाला हाक मारली. तो पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला गृहस्थ आतून चष्मा पुसत आला. त्याने पाहिले, बादलीकडे बोट दाखवून काहीतरी थट्टा केली.

“छान आलाय,” बाई मला म्हणाल्या, “फक्त दादा, या कडेच्या काळ्या पट्ट्या तेवढ्या कापून द्या. फ्रेममध्ये बरं दिसत नाही.”

पुढच्या आठवड्यात कापून नेऊन दिला.